दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गहू निवडणं. देवासला, क्वार्टरच्या ओट्यावर, रविवारी सकाळी. मी एक ताट निवडून पुढे सरकवलं की सुधा ते पुन्हा निवडायची. सतरा वर्षं हेच. "तुम्ही खडे ठेवता नि गहू फेकता," म्हणाली आणि चहा टाकायला उठली. उठली ती छातीला हात लावून परत बसली. दुपारच्या आत इस्पितळात संपलं, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

मी सहावी नापास. हे लिहिता येतंय तेवढं तिनंच शिकवलं. चुका निघतील, निघू द्या.

सुधा धारची. घराण्यानं एके काळी दरबारात कारकुनी केलेली. पैसा उडाला, तोरा राहिला. वडील वारले, त्यात तिचा एक डोळा तिरळा, म्हणून मॅट्रिक झालेली, टायपिंग येणारी मुलगी माझ्यासारख्याच्या गळ्यात पडली. ती कुणालाच मोजत नसे, मला तर नाहीच. कारखान्यातला कुठलाही साहेब असो, "आमच्या धारेस असल्यांना पाणी भरायला ठेवीत," एवढ्यात त्याचा निकाल.

मी बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, आत घेतलं तर काम, नाहीतर घरी. ती त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात टायपिस्ट. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेब लोकांना तो मोडायची भीती, म्हणून तो तिच्या टेबलावर ढकलला. आम्हा सगळ्यांची हजेरी ती त्यात भरायची आणि फ्लॉपीवर ठेवायची. फ्लॉपी म्हणजे पापडासारखी पातळ तबकडी, चौकोनी काळ्या पाकिटात. तीन वर्षांच्या तीन फ्लॉप्या.

मग नवा साहेब आला, दुसऱ्याच कंपनीचं नवं मशीन घेऊन. जुनं भंगारात गेलं. त्याच साली आम्ही बदलीवाल्यांनी पक्कं करा म्हणून अर्ज केला, आणि कुणाचे किती दिवस भरले ते बघायला लेबर ऑफिसरनं हजेरी मागितली. साहेबानं जुनी फ्लॉपी नव्या मशीनमध्ये घातली. मशीन म्हणालं, वाचता येत नाही. या शहाण्यानं तीच फ्लॉपी कोरी समजून नव्यानं तयार करून घेतली. म्हणजे पुसली. एक अख्खं वर्ष धुऊन काढलं आणि सांगितलं काय, तर फ्लॉप्या पहिल्यापासूनच खाली होत्या.

घरी सुधा भाकरी थापत म्हणाली, "दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबा सापडला नाही म्हणून त्या घरात धान्य नाही, असं म्हणतात का? त्या गाढवाला कुणी एवढंही शिकवलं नाही."

मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, उरलेल्या फ्लॉप्या सुनावणीत वाचून दाखव, पण साहेबानं पुसली हे बोलू नकोस, दोघांची नोकरी जाईल. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या तिरळ्या डोळ्यानं पाहिलं की माणूस सोलून निघायचा. "गेटवर उभं राहण्याच्याच लायकीचे तुम्ही," म्हणाली. पण तेवढं एक तिनं माझं ऐकलं.

सुनावणीला लेबर ऑफिसर, साहेब, आमच्या युनियनचा लीडर, आणि साक्षीला मी. तिनं आधी उरलेल्या दोन्ही फ्लॉप्यांच्या खाचेवर काळी पट्टी चिकटवली, म्हणजे कुणाच्या हातून काही पुसलं जायला नको. नव्या मशीनबरोबर परक्या मशीनच्या फ्लॉप्या वाचायचा एक प्रोग्राम आलेला होता. प्लास्टिकसुद्धा कुणी फोडलं नव्हतं. तेव्हा पडद्यावर चित्रं नसत. काळा पडदा, आणि एकेक अक्षर टाइप करून हुकूम द्यायचा. तिनं आधी फ्लॉपी कुठल्या मशीनची ते सांगितलं, मग आत काय आहे त्याची यादी मागितली.

दोनच नावं आली. हजेरीचं एकही नाही. साहेब हसला, "देखा मैडम? खाली है." लीडर खिडकीबाहेर बघायला लागला. मी मान खाली घातली, आपली बायको असून.

सुधा म्हणाली, "हा पहिला कप्पा. मी हजेरी तिसऱ्यात ठेवते, कुणाचे हात पोचू नयेत म्हणून." एक आकडा बदलून तिनं तीच यादी पुन्हा मागितली. महिन्यामागून महिना पडद्यावर उतरू लागला. मग एकेक फाइल नव्या फ्लॉपीवर घेतली आणि छापून ऑफिसरच्या हातात दिली.

आम्ही एकोणीस जण पक्के झालो. ज्यांचे दिवस त्या पुसलेल्या वर्षात होते ते सात जण बाहेरच राहिले.

गेटवर हार लीडरच्या गळ्यात पडला. साहेबानं नव्या मशीनवर भाषण केलं. मी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन तिला सांगितलंही. ती म्हणाली, "टाळ्या झाल्या असतील तर दळण आणा." पुढं दोन वर्षं कुणी म्हटलं, लीडर भिया ने काम करा दिया, की मी मान डोलवायचो. बायकोनं पक्का केलेला म्हणून हसतील, ही भीती. अशा माणसाबरोबर तिनं संसार केला.

सोमवारी सकाळी, सुतकात, पहिल्या भोंग्याआधी मी गेटवर गेलो. जो तो म्हणे, भिया, आज क्यों आए, घर जाओ. मी चौकीदाराच्या बाकावर चढलो आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोललो, "तुमको लीडर ने पक्का नहीं किया. मेरी घरवाली ने किया. मैं दो साल चुप रहा."

लीडर तिथंच होता, तो चपलेतला खडा काढायला वाकला. बदलीच्या रांगेतून त्या सातांपैकी एकानं विचारलं, "और हमारी हाजिरी?"

साहेबाची स्कूटर तेवढ्यात आत वळत होती. मी स्कूटरवरच्या साहेबाकडे बोट केलं.