मनिषाचं विरजण

वडवणीजवळच्या आमच्या वस्तीत मनिषासारखी पोरगी पुन्हा होणे नाही. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला. हिने मात्र जैवरासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. तालुक्यात हे नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. पुण्यातली नोकरी सोडून ती गावी आली आणि ओढ्याकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये, निळ्या पिंपात जिवाणू पोसू लागली. दारूच्या कारखान्याच्या काळ्या पाण्याने आमचा ओढा नासला होता, विहीरही. ती घाण खाणारे जिवाणू म्हणे! आम्ही शहाण्या बायका तोंडाला पदर लावून हसायचो. ती त्याला विरजण म्हणायची. गुळाचं पाणी पाजलं की पिंप बुडबुडे सोडायचं, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे.

काम अर्ध्यावर असतानाच बीडच्या रस्त्यावर ट्रकने तिला उडवलं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. बाप भगवानराव नाही नाही ती वचनं देऊन थकला. शेवटी आई छबुबाई पुढे झाली, "तुजं पिंप मी जगवीन, माय." कावळा झपकन उतरला.

त्या वर्षी छबुबाई ऊसतोडीला गेली नाही. रोज पिंपाला गूळ पाजायची. एका सकाळी पिंप गप्प झालं. मी गेले तर ही पिंपाला कान लावून बसलेली, चेहरा पांढराफटक.

"मीच मारलं गं तिला," ती म्हणाली. "सावडताना पदरात राख लपवून आणलती. म्हणलं, तिचं तीच बघंल. काल टाकली ह्यात."

मला तिचा रागही आला आणि रडूही. दोघी तिथेच बसून राहिलो. ऊन माथ्यावर आलं तेव्हा पिंपातून एक लांब उसासा आला. मग दुसरा, आधीपेक्षा जोरात. छबुबाई पिंपाला मिठी मारून हमसाहमशी रडली.

मनिषाच्या कॉलेजच्या लोकांनी ते विरजण ओढ्यात सोडलं. ओढा निवळला, मागोमाग विहीरही. पण कॉलेजचे साहेब चक्रावले होते. मनिषाने दाखवलेले जिवाणू हे नव्हेत, म्हणाले. हे कितीतरी दांडगे. पिंपात काय घातलं होतं?

"गूळ," छबुबाई म्हणाली. मी मान खाली घातली.

पाणी तपासून झालं, वस्ती विहिरीचं पाणी प्यायला लागली. परवा छबुबाईने माझ्यापुढे तांब्या धरला. माझा हात काही पुढे होईना.

"कावून भितीस? आपली मनिषाच हाय ती."

मी डोळे मिटून प्याले. पाणी गोड होतं. फक्त घशाखाली उतरताना अंगाइतकं कोमट लागलं.