पुढची मानाची जागा

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि जायचं ते सातव्यात. आठव्यात पाठवत नाहीत. हा नियम कोणी केला ते मला कधी कळलं नाही, पण करणाऱ्याने वैशाखातल्या उन्हाचा विचार केला नव्हता एवढं नक्की. माझा सातवा संपायला तीन दिवस उरले होते. मी सासरी घाटकोपरला, आई बोरिवलीला. आगगाडीने जायचं तर दादरला उतरून जिने चढायचे, म्हणून सासूबाईंनी आगगाडीचं नाव काढू दिलं नाही. टॅक्सी हा प्रकार आमच्या दोन्ही घरांच्या कल्पनेबाहेरचा. राहिली दादाची पिकअप. ती जमली नाही तर बाळंतपण घाटकोपरलाच होणार होतं. सासरी मला काही कमी नव्हतं. पण बाळंतपणावरची दोन जाडजूड पुस्तकं वाचून काढल्यावर मला एकच गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे मला आई हवी होती.

दादाची पिकअप लष्कराने मोडीत काढलेली. आठवडाभर ती गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये राजवाड्यांचे खांब आणि ऋषींच्या झोपड्या पोचवायची. मागे हौद्यावर पत्र्याचं छप्पर होतं, दोन्ही बाजूंना उघडे झरोके, आणि आत कुठल्याशा जुन्या मोटारीची गादीची सीट ठोकलेली.

शनिवारी दादा ती दाखवायला घेऊन आला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तपासणी केली. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी त्यांच्यातून निवृत्त व्हायची होती. त्यांनी छपरावर बोटाचं पेर टेकवलं आणि चटकन मागे घेतलं.

"माझी सून काय भजी आहे, तळून न्यायला?" ते म्हणाले.

दादाचा चेहरा उतरला. "उद्या सकाळपर्यंत थंड करून आणतो," तो म्हणाला. "नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी सकाळी गाडी आली तेव्हा ओळखू येईना. छपरावर नारळाच्या झावळ्या, त्यांवर भिजवलेली गोणपाटं. झरोक्यांना वाळ्याचे पडदे. आणि प्रत्येक पडद्याच्या वर एक मडकं, सुतळीने दोन्हीकडून आवळलेलं, बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. थेंब थेंब पाणी पडद्यावर झिरपत होतं.

मामंजी बघतच राहिले. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळतीचं मडकं टांगतात, त्याची आमच्या आळीतली व्यवस्था दरवर्षी त्यांच्याकडे असे.

"ही गळती आहे," ते म्हणाले.

"हो."

"ही गाडी आहे. देऊळ नव्हे."

"महादेवाला उकडतं असं तुम्हीच ना सांगता सगळ्यांना?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावर तर गंगा आहे. हिच्या डोक्यावर काय आहे? पदर!"

मामंजींनी निर्णय दिला: ते स्वतः बरोबर येतील, अंधेरीपर्यंत बघतील, मला त्रास झालाय असं दिसलं तर गाडी तिथूनच परत. सासूबाईंचे गुडघे हौद्यात चढू देईनात आणि ह्यांना रविवारचीही ड्यूटी होती, म्हणून मागे मी एकटी. मामंजी अर्थातच पुढे, दादाच्या शेजारी. व्याह्यांना दुसरी जागा कशी द्यायची? व्याह्यांच्या घरी जायचं म्हणून त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घातला होता आणि डोक्यावर काळी टोपी.

त्या पुढच्या जागेखालून इंजिनाची सगळी आग येते हे दादाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मुलीकडच्या माणसाने मुलाच्या वडिलांना 'तुम्ही मागे बसा' म्हणायचं, हे आमच्या दोघांच्याही जिभेवर येईना.

गाडी सुटली आणि मागे वारा सुरू झाला. ओल्या वाळ्यातून येणारा, गार, मातीच्या वासाचा वारा. इतकं सुख मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होतं, आणि तेही पाय पसरून. पुढच्या काचेतून मला मामंजींची मान दिसत होती. कुर्ल्याला ती लाल झाली. मरोळच्या खडीच्या रस्त्यावर तिच्यावरून घामाचे ओघळ कॉलरमध्ये शिरू लागले. एकही बटण सुटलं नाही.

अंधेरीला दादाने वडाखाली गाडी थांबवली. मामंजी उतरले, दार धरून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "परत फिरवा. या गाडीत माणूस जिवंत राहणार नाही."

"मला काही त्रास नाही हो, मामंजी," मी पडद्याआडून म्हटलं.

"तू सांगणार नाहीसच. मी स्वतः अनुभवलंय."

दादा चाकाकडे बघत म्हणाला, "पुढे इंजीन असतं. मागे तसं नाही."

"मग सकाळी का बोलला नाहीत?"

"तुम्हाला मागे बसवायचं? आई मला घरात घेणार नाही."

मामंजींनी मागच्या सीटकडे पाहिलं. सासरा आणि सून एका सीटवर बसलेले त्यांच्या घराण्यात कोणी पाहिले नव्हते. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दोन मिनिटं बसून तर बघा. नाही पटलं तर परत जाऊ. मी हट्ट करणार नाही."

ते चढले. मी पदर सावरून कोपऱ्यात सरकले. ते दुसऱ्या कोपऱ्यात, पाठ ताठ. दादाने न विचारता गाडी चालू केली, बोरिवलीच्या दिशेने. वारा आला. मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जोगेश्वरीला पहिलं बटण उघडलं, गोरेगावला कोट निघाला.

"तुझा भाऊ बुद्धिमान आहे," ते समोर बघत म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तुला आईची आठवण येते का गं फार?"

"हो."

"पहिल्या बाळंतपणाच्या वेळी..." असं काहीतरी त्यांनी सुरू केलं, पण ते त्यांच्या आईबद्दल होतं की सासूबाईंबद्दल ते कळायच्या आत मालाड आलं आणि त्यांना झोप लागली. कांदिवलीच्या एका खड्ड्याला त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि तिथेच राहिलं. हलकं होतं. हेडक्लार्कचं डोकं इतकं हलकं असेल असं मला वाटलं नव्हतं.

घरासमोर गाडी थांबली. आई भाकरतुकडा घेऊन धावत आली, मागचा पडदा बाजूला केला आणि थिजली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिने व्याह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तुकडा तसाच माझ्यावरून उतरवला आणि आवाज न करता हौद्यात चढून माझ्या पायांशी बसली.

"त्रास झाला का?" तिने माझं पाऊल हातात घेत कुजबुजत विचारलं.

"नाही," मी कुजबुजले. "तू आता कुठे जाऊ नकोस."