दत्त्याचा सरळ फटका

"दत्त्या, सरळ मार! काळा बॉल पॉकेटच्या तोंडावर हाय, नुसता खोकलास तरी पडंल."

मोबाईलवर टेबलावरच्या पूलचा सामना बघताना एखादा नामांकित गडी सोपा फटका सोडून दिमाख दाखवू लागला, की माझी ही जुनी आरोळी मलाच ऐकू येते. देवगाव फाट्यावरचं पूल पार्लर, जिंतूरकरांशी फायनल, दत्त्याच्या मिशांवर चॉकची निळी भुकटी. दत्त्यानं स्टिकला चॉक घासेपर्यंत बाहेरची ज्वारी पोटऱ्यात आली. मग त्यानं टेबलाच्या तीन कडांना धडकवून काळा पाडला, पण मागोमाग स्टिकनं मारायचा पांढराही पडला. काळ्यासोबत पांढरा पडला की हार, या नियमानं आमी हरलो, कप जिंतूरला गेला.

"सरळ का न्हाई मारलास?" परतताना मी विचारलं.

"सरळ तर कुनीबी मारतंय," दत्त्या म्हणाला.