राखेत न उमटलेला पत्रू

माझा थोरला भाऊ सोमाजी खोटं बोलत नसे. हा गुण ऐकून लोक माना डोलावतात, पण अशा माणसासोबत एका घरात राहून बघावं म्हणजे कळतं. पाहुण्यांपुढे तो माझ्या हातच्या वरणाला बेचव म्हणायचा. ब्रह्मपुरीला मुलगी बघायला गेला, तर तिच्या बापाला आपणच सांगून आला की आपल्याला थंडीत दमा होतो आणि जनपद सभेच्या शाळेत पगार वेळेवर मिळत नाही. सोयरीक तिथंच बारगळली. पुढे कोणी स्थळ आणलं नाही, आणि याला त्याचं काही वाटलंही नाही. मला मात्र वाटलं, कारण त्याचा स्वयंपाक कायमचा माझ्या गळ्यात पडला.

या खरेपणापायीच त्याचं नागपूर सुटलं होतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तो तिथंच संशोधनाला लागला होता. विषय असा की घरी कोणाला सांगता यायचा नाही. पण मी दवाखान्यातून दमून आले की तो मलाच धरून बसवायचा.

"चंदे, रिकामी जागा म्हणून काई नसतेच," तो म्हणायचा. "सगळीकडे एक तळं पसरलं हाय असं समज. हवा काढून टाक, उजेड काढून टाक, तरी तळं राह्यतेच. त्याच्यावर तरंग उठला का आपुन म्हणतो कण आला. तरंग बसला का म्हणतो कण गेला. आन् ते तळं कधी थिर नसते. जिथी काईच नाई, तिथीही काईतरी उठते आन् बुडते."

"मंग तुले सरांसंगं भांडाले काय झालं?"

"अशा तळ्यातल्या एका इलेक्ट्रॉनचं वजन काढाले गेलं तर उत्तर अनंत येते. मंग मोठमोठे लोक अनंतातून अनंत वजा करते. उरते ते प्रयोगासंगं जुळते. पार बारीक दशांशापर्यंत."

"जुळते ना? मंग तुह्या पोटात काऊन दुखते?"

"जुळलं म्हणून खरं झालं काय?"

हेच तो आपल्या सरांना विचारत राहिला. सर म्हणाले, जगात सगळे असंच करतात, तूही कर. हा म्हणाला, या वजाबाकीखाली पाया नाही, मी सही करणार नाही. प्रबंध तसाच राहिला आणि हा पेटी उचलून गडचिरोलीला परत आला. शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवायचा. सुटीत फळ्यावर कसल्या तरी वेलांट्या काढून त्यांच्याकडे बघत बसायचा.

मला त्या तळ्याचा राग यायचा. त्याच्यामुळे आमच्या धानाच्या कोठीत पाऊल टाकताना उगाच वाटायचं, की आपण येण्याआधी इथं काहीतरी चाललं होतं आणि आपली चाहूल लागताच ते थांबलं.

छप्पन साल सरत आलं होतं. धान खळ्यावर आलं होतं. नागपूरचा त्याचा एक मित्र मुंबईला एका संशोधन संस्थेत होता, त्याची तार आली. आभाळातून येणारे कण पकडण्यासाठी त्यांनी एक मोठा फुगा दक्षिणेतून सोडला होता. त्याच्याखाली काचेच्या पट्ट्यांची पेटी बांधलेली होती. वाऱ्यानं फुगा भरकटला आणि अहेरीच्या पलीकडे जंगलात पडला. पेटी शोधून, न उघडता पाठवशील का, असं मित्रानं विचारलं होतं. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. तार हातात घेऊन अंगणात नुसता फेऱ्या मारत राहिला. इतकी वर्षं जे फक्त फळ्यावर होतं, ते चालून त्याच्या जिल्ह्यात आलं होतं.

दवाखान्यात बाळंतिणी सोडवून सोडवून मला कामापुरती गोंडी येत होती, म्हणून त्यानं मला सोबत घेतलं. अहेरीपर्यंत बांबूच्या ट्रकनं, पुढे रेंगीनं आणि बैल हटून बसले तिथून पायी, असे आम्ही विचारत विचारत बांडिया नदीच्या काठच्या एका माडिया गोंडांच्या गावात पोचलो. भर दुपार होती. एकही कुत्रं भुंकलं नाही. बायका दारात उभ्या होत्या, पण आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांचं तोंड गावाच्या टोकाला असलेल्या एका खोपटाकडे होतं.

गावाचा प्रमुख, गायता, म्हणजे कोलू नावाचा म्हातारा. तो आम्हाला त्या खोपटापासून दूर घेऊन बसला. त्यानं जे सांगितलं ते असं. पावसाळ्याच्या शेवटी मंगलीचा एकुलता पोरगा पत्रू नदी ओलांडताना पुरात गेला. प्रेत मिळालं नाही. त्यांच्यात माणूस मेला की घरात राख चाळून पसरतात, वर टोपली पालथी घालतात आणि सकाळी उचलून बघतात. राखेत खूण उमटलेली असते. माणसाचं पाऊल, वाघाचा पंजा, पाखराचा पाय, सापाची रेघ. जी खूण, त्या रूपात जीव पोचला. मग त्याच्या नावाचा दगड उभा करतात आणि तो वाडवडलांत बसतो.

"पत्रूची राख कोरी निघाली," कोलू म्हणाला. "पुन्हा पसरली, पुन्हा कोरी. मुंगीसुद्धा चालली नाही तिच्यावर."

खूण नाही म्हणजे जीव पोचला नाही. तो वाट चुकून गावातच फिरतो आहे आणि एकटा म्हणून आणखी कोणाला तरी सोबत नेईल. तेव्हापासून मंगलीला कोणी विस्तव देत नव्हतं. शिमग्यापर्यंत खूण मिळाली नाही, तर तिनं शिवेबाहेर जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. त्या जंगलात एकट्या बाईनं शिवेबाहेर राहायचं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि ते आभाळातून पडलेलं?" भाऊनं खोपटाकडे बोट केलं.

ते येनाच्या झाडावर उतरलं होतं, म्हणजे त्यांच्या देवाच्या झाडावर. वर पांढरं कापड, खाली दोरीनं बांधलेलं काळं गाठोडं. मंगली झाडावर चढली, ते काढून तिनं घरी, त्याच खोपटात, आणलं आणि दार लावून घेतलं.

खोपटात शिरलो तर आधी काहीच दिसेना. मग कोपऱ्यात, वाडवडलांच्या नावानं पुजलेल्या मडक्याशेजारी, पेटी दिसली. काळ्या कागदात गुंडाळलेली, तान्ह्या पोराएवढी. तिच्यापुढे पळसाच्या पानावर भिजवलेले तांदूळ वाढलेले होते आणि भोवती राख पसरलेली होती. राख इतकी सपाट होती की बघवत नव्हतं. छपरात उंदीर खुडबुडत होते, भिंतीला मुंग्यांची रांग होती, पण राखेच्या कडेपाशी येऊन ती रांग वळत होती. मंगली शेजारी बसून होती. चाळिशीची असेल, पण गाल पार आत गेलेले. तिला थोडं मराठी येत होतं.

"नाई देत," ती म्हणाली. "हे माह्याकडे आलं."

भाऊ तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्या वेळी त्यानं जे सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि तिथंच तो चुकला.

"बाई, याच्यात काचा हायेत," तो म्हणाला. "काचेवर साय हाय. तुमच्या राखेसारखीच. तिच्यातून काई गेलं का खूण राह्यते. पण आता दिसत नाई. मुंबईले धुतल्यावर दिसते. उजेडात उघडलं तर सगळं पुसून जाईल."

मी हे गोंडीत सांगितलं. मंगलीनं राखेकडे बघितलं. मग तिनं पेटी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, एखादं झोपलेलं पोर ठेवावं तशी.

"खूण दाखवाले येशीन?"

"येईन," भाऊ म्हणाला. पेटी त्याच्या मांडीवर होती आणि तिच्या कागदातून ऊब येत होती. कोपरा चुलीशेजारी होता म्हणून, असं मी मनाला सांगितलं. पण चूल विझलेली होती. तिला विस्तव देत कोण होतं?

पेटी मुंबईला गेली. शिमगा जवळ आला तेव्हा मित्राचं पाकीट आलं. गरमीनं बहुतेक काचा काळवंडल्या होत्या, काम फारसं झालं नाही, पण आठवण म्हणून एका काचेचा मोठा करून काढलेला फोटो पाठवला होता. भाऊ शाळेत होता, म्हणून पाकीट मीच उघडलं. करड्या फोटोत मधोमध एक काळा ठिपका होता. त्यातून तीन रेघा पुढे फाकलेल्या आणि एक आखूड मागे. अंगणात चिमण्या रोज उमटवतात तसा पाखराचा पाय होता तो, करड्या राखेत रुतलेला. मी फोटो पाटावर पालथा ठेवला.

भाऊनं घरी आल्यावर तो उलटून बघितला आणि खूश झाला.

"बाहेरून काई आलं, एका अणूच्या गाभ्यावर आदळलं, गाभा फुटला. हे तुकडे. आन् ही बारीक रेघ पाह्यली? हा कण आधी कुठीच नव्हता. तो गाभ्यातही नव्हता. आदळण्याच्या त्या जागी तळ्यातून नवाच उठला. थोडा गेला आन् बुडला."

"भाऊ, तिले फक्त एवढं सांग, पाखरू हाय म्हणून. एवढंच."

"कसं सांगू? असे पाय त्या काचांवर हजारोनं असते. तिच्या पोराचा अन् याचा काय संबंध?"

"एक 'हो' म्हणाले तुह्या बापाचं काय जाते? एक बाई मरून राह्यली तिथी!"

आमचा बाप एकच होता, हे रागात विसरले. त्यावर तो हसलाही नाही. फोटो घेऊन आम्ही पुन्हा मंगलीच्या गावाला निघालो. मी ठरवलं होतं, फोटो दाखवायचा आणि पुढचं गोंडीत आपणच आपल्या मनानं सांगायचं. पाप लागलं तर मला लागेल.

पण फोटो दाखवून पुढे सांगायची वेळच आली नाही. मंगलीनं तो हातात घेतला, दारापाशी उजेडात नेला आणि तिच्या घशातून असा काही आवाज आला की बाहेर थांबलेली सगळी माणसं आत घुसली. कोलूनं बोटानं त्या रेघा चाचपल्या.

"पिट्टे," तो म्हणाला. पाखरू.

सगळ्यांनी श्वास सोडला. तेवढ्यात माझा भाऊ उभा राहिला. मी त्याचा सदरा ओढला, तरी तो बोललाच, आणि मराठीत बोलला तरी कोलूला पुरेसं कळत होतं.

"नाई. ही तुमच्या पत्रूची खूण नाई. मी खोटं नाई बोलत. अशा खुना सगळीकडे पडते. आभाळातून काईतरी सारखं येऊन राह्यलं. दिवसा, रात्री, घडीभर थांबत नाई. या छपरातून, या भिंतीतून. तुमच्यातून, माह्यातून." त्यानं आपला उजवा हात पुढे केला, पंजा उघडून. "आता, या टायमाले, या हातातून जाऊन राह्यलं. आपल्याले दिसत नाई एवढंच. काच होती म्हणून दिसलं."

छपरातले उंदीर थांबले. कोलूनं हे आपल्या माणसांना गोंडीत सांगितलं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, मी कान देऊन ऐकलं. आणि ते ऐकताना एकेक माणूस आपल्या हातांकडे, मग छातीकडे, मग शेजाऱ्याकडे बघू लागला. एका म्हातारीनं हवेतच हात जोडले.

"म्हणजे सगळेच हायेत," कोलू म्हणाला. "माझा बाप, त्याचा बाप. सगळे. कोणी वाट चुकलं नाई. आमची राख जाड होती, म्हणून नाई दिसलं."

यातलं खोटं कुठे सुरू होतं, ते भाऊला सापडेना. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. कोलूनं पोरांना नदीवर पिटाळलं, दगड निवडायला. एका बाईनं आपल्या चुलीतला विस्तव आणून मंगलीच्या चुलीत घातला. आम्ही पोचलो तेव्हापासून पहिल्यांदा त्या गावात कुत्री भुंकू लागली. हळूहळू सगळे बाहेर गेले आणि आत आम्ही तिघं उरलो; भाऊ भिंतीला टेकून खाली बसला होता.

मंगली आपल्या तळहाताकडे बघत होती.

"आताही जाते? इथून?" तिनं विचारलं.

"हो," भाऊ म्हणाला. दुसरं काही म्हणणं त्याला येतच नव्हतं.

तिनं सावकाश एकेक बोट मिटत मूठ आवळली आणि ती छातीशी धरली. मग तिची नजर भाऊच्या हाताकडे गेली. बोलताना पुढे केलेला पंजा त्याच्या मांडीवर तसाच उघडा पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, जराशी कीव आल्यासारखी.

"तू काऊन सोडून राह्यला?" ती म्हणाली.

भाऊनं माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं आणि बोटं मिटून घेतली.