माजिदा आपाचा न गळणारा डबा

नाशकात द्वारकेला पुलाच्या अंगाला, टायरवाला अन् चहावाला या दोघांच्या मधे माजिदा आपाचं दुकान दबून बसलंय. पाटीवर नाव नाय. नुसता एक लाल मासा काढलाय, तोबी उन्हानं गुलाबी पडलाय. आपा माशांच्या टाक्या बनवती, मासे विकत नाय. "मासं मरतं अन् गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं," म्हणती. "काच कुठं मरती?"

बाई सिन्नरकडच्या खेड्यातली. बापाच्या चार म्हशी, दूध डेअरीला. लग्न होऊन नाशकात आली तव्हा नवरा अब्बासभाई टेंपो चालवायचा, आजबी तोच चालवतो. काच अन् ॲक्रिलिक कापायचं काम ती अंबडच्या एका कारखान्यात शिकली. तिथं बायांनी नुसतं पुसायचं काम करायचं असा रिवाज होता. हिनं पुसता पुसता बघून घेतलं.

तिच्या दुकानाची एक रीत हाय. टाकी झाली की खाली वर्तमानपत्र अंथरायचं, वर टाकी ठेवायची, काठोकाठ भरायची अन् रातभर सोडून द्यायची. सकाळी कागद कोरडा निघाला तरच टाकी दुकानाबाहेर जाणार, अन् त्या कागदाची घडी गिऱ्हाइकाच्या हातात. गव्हाच्या दाण्याएवढा जरी डाग दिसला, तरी सगळे सांधे पात्यानं खरवडून परत भरायचे. दुसरी गॅरंटी आपा देत नाय, अन् आजवर कुणी मागितलीबी नाय.

फेब्रुवारीत चैताली आली. नाशिकरोडच्या कॉलनीतल्या कारकुनाची पोर. तिच्या घरची पहिली टाकी आपानंच केलेली. आता पोरगी पुण्यात संशोधन करती.

"आपा, एक टाकी हवीय. पण पाणी नाही भरायचं."

"मंग काय भरायचं? तुझ्या लग्नाचे लाडू?"

"हवा."

अब्बासभाई चहा पीत होता, त्याला ठसका लागला. "फुकटची वस्तू अन् तिला टाकी!"

चैतालीनं स्टूल ओढलं अन् सांगायला बसली. पार उत्तरेला टुंड्रा म्हणून मुलूख आहे. तिथं झाड नाही, नुसतं शेवाळ, गवत अन् घोट्याएवढी झुडपं. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, पण खालची जमीन हजारो वर्षं गोठलेली. मेलेलं गवत, मुळ्या, सगळं तिच्यात तसंच पडलंय, कुजलेलंच नाही.

"फ्रीजमधल्या भाजीवानी," आपा म्हणाली.

"अगदी तसंच. आणि आता तिकडं गरमी वाढतेय, म्हणजे फ्रीजचं दार उघडं राहिलंय. भाजी कुजायला लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाणी तुंबलं असेल तिथं मिथेन. ते हवेत गेलं की गरमी आणखी वाढते."

"मंग दार आणखी उघडतं."

"हो. पण दुसरी बाजूही आहे. उन्हाळ्यात तिकडं सूर्य मावळतच नाही. गवत जोमानं वाढतं आणि हवेतला कार्बन ओढून घेतं. तर जमीन घेतेय जास्त का सोडतेय जास्त, ते मला मोजायचंय. जमिनीत एक कडं ठोकायचं, त्यावर पारदर्शक डबा पालथा घालायचा, आत मीटर. आकडा उतरला तर घेतेय, चढला तर सोडतेय. मग डब्यावर काळं कापड टाकायचं. अंधारात गवताचं ओढणं बंद होतं, नुसता सोडलेला श्वास मोजता येतो."

"अन् डबा गळला तर?"

"तर आकडे खोटे. आणि मला एकच उन्हाळा मिळालाय, आपा. पुन्हा कोण पाठवतंय?"

आपानं एवढंच विचारलं, "लांबी, रुंदी, उंची?"

डबा झाला तो बघण्यासारखा झाला. ॲक्रिलिक असं चकचकीत, की चहावाल्याचं पोरगं त्याला धडकलं. चैतालीनं दिलेल्या चित्रात तोंडाला दाखवलेली रबराची पट्टी आपानं शेजारच्या टायरवाल्याकडच्या ट्यूबमधून कापून लावली. मंग रीतीप्रमाणं डबा तोंड वर करून कागदावर ठेवला अन् काठोकाठ भरला. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. घडी चैतालीच्या हातात.

"जाय आता. उत्तरेला काय, चंद्रावर ने."

पण चैताली म्हणाली, आधी थंडीत बघू. नाशकात थंडी हुडकायची तर मार्चमधे ती एकाच ठिकाणी सापडती, द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजात. पिंपळगावकडं गोरक्षचं स्टोरेज होतं, त्याच्या ऑफिसात आपाचीच टाकी. अब्बासभाईनं टेंपोतून डबा नेला. आपा सलवार-कुर्त्यावर नवऱ्याचा स्वेटर अन् त्यावर कानटोपी घालून आत शिरली.

"आपा, वळखूच येईना!" गोरक्ष हसला. "वाटलं सीमेवरचा जवान आला."

"तुझी द्राक्षं राखायला आले. चल, दार लाव."

चैतालीनं समजावलं, तोडलेलं द्राक्षसुद्धा श्वास सोडत राहतं, म्हणून इथल्या हवेत बाहेरच्यापेक्षा कार्बन जास्त. डबा बाहेरच्या हवेत, बूड बंद केलेल्या कड्यावर बसवून आणलाय. गळत नसेल तर आतला आकडा जागचा हलणार नाही.

आकडा हलला. आधी हळू, मंग सरसर चढला.

"मीटर बिघाडलं असंल," आपा म्हणाली.

"मीटर कालच तपासलंय, आपा. सांधे…"

"सांधे माझे हायेत!"

असं तोडून बोलली खरी, पण घरी येऊन तिनं सगळे सांधे खरवडले. हाताची बोटं सोलली. परत भरले, परत पाणी, परत कागद. कोरडा. दुसऱ्या दिवशी परत पिंपळगाव. अन् आकडा परत चढायला लागला.

आता चैतालीचं तोंड उतरलं. "राहू द्या आपा. बाहेरून मागवते एखादा. वेळेत आला तर आला."

ते वाक्य आपाला थंडीपेक्षा जास्त बोचलं. दमली होती, पाय गारठले होते, तर डब्यावरच दोन्ही कोपरं टेकून, सगळं अंग टाकून वाकली अन् आतल्या मीटरकडं बघत राहिली.

आकडा थांबला.

तिला वाटलं डोळे फसवतायत. ती सरळ झाली. आकडा चढायला लागला. परत वजन टाकलं. थांबला.

"गोरक्ष," ती हळूच म्हणाली, "ये रं, बस याच्यावर."

"मी? शंभर किलोचा माणूस हाय मी. फुटंल!"

"मंग नुसता हात दाब."

गोरक्षनं दाबला. आकडा गप.

आपानं वाकून डब्याच्या तोंडाची रबरपट्टी चिमटीत धरली. दुकानात लोण्यासारखी मऊ होती, इथं शिळ्या भाकरीच्या कडेसारखी कडक झालेली. कड्यावर डबा टेकला होता, पण चिकटून बसला नव्हता. अन् डब्याला स्वतःचं वजन ते केवढं!

"तोंड," ती म्हणाली, अन् कपाळावर हात मारला. "अगं, टाकीला तोंडाची काय काळजी? ते उघडंच असतं. इतकी वर्षं मी बूड अन् कोपरे तपासले. तुझा डबा पालथा बसणार, अन् मी उताणा तपासला. तोंडाकडं बघितलंच नाय." मंग हात पुढं केला. "तो कागद दे इकडं. दोन्ही दे."

चैतालीनं पर्समधून घड्या काढल्या. आपानं त्या फाडून स्वेटरच्या खिशात घातल्या. स्वतःची गॅरंटी स्वतः फाडताना तिचा चेहरा कसा होता, हे गोरक्ष अजून सांगतो. म्हणतो, चुकीची कापलेली काच बाजूला ठेवताना असतो तसा, बस.

पुढचं काम तिच्या हातचं होतं. अंबडहून ओव्हनच्या दाराला असतं तसलं मऊ सिलिकॉनचं रबर आणलं, ते गारठ्यात कडक होत नाय. अन् दाबायला? तिला बापाचे दुधाचे कॅन आठवले. कडी ओढली की झाकण रबरावर असं दाबून बसायचं, की कॅन आडवा झाला तरी थेंब सांडत नव्हता. तसल्याच चार कड्या तिनं डब्याच्या चार अंगांना बसवल्या, खालच्या कड्याला अडकतील अशा. खट, खट, खट, खट. पिंपळगावला आकडा जागचा हलला नाय. गोरक्षनं दोघींना द्राक्षाची पेटी दिली अन् म्हणाला, "आता माझ्या द्राक्षांना सुखानं श्वास घेऊ द्या."

चैताली मेअखेर टुंड्राकडं गेली. फोन आला तो सप्टेंबरात. मागं वारा घोंघावत होता.

"आपा, डबा धरतोय. जूनमधे आकडा उतरत होता, गवत भरभरून ओढत होतं. आता ऊन सरलं, गवत पिवळं पडलं, पण माती अजून गोठलेली नाही. आकडा चढतोय. हिशेब केला तर आमच्या जमिनीच्या तुकड्यांवर घेतलं त्याहून सुटलंच जास्त."

"डबा गळत असंल," आपा म्हणाली.

"नाही गळत."

"कड्या बघ. रबरावर माती बसली असंल."

"सगळं बघितलं, आपा."

"परत बघ."

चैतालीनं फोन चालूच ठेवला. लांबून खटखट ऐकू आली. मंग नुसता वारा. मंग पोरीचा आवाज, "पक्का आहे."

आजवर हजार कागद आपानं उलटून बघितले असतील, दर वेळी कोरडा निघावा म्हणून. आज पहिल्यांदा वाटलं, ओला निघाला असता तर बरं झालं असतं.

"एका उन्हाळ्यावरून आणि एका डब्यावरून सगळ्या टुंड्राचं ठरत नाही, आपा," चैताली तिकडून म्हणाली. "पुढच्या वर्षी आमची दुसरी तुकडी येतेय. त्यांना असेच डबे हवेत, वेगवेगळ्या जागी लावायला."

फोन ठेवल्यावर अब्बासभाईनं विचारलं, "काय म्हणती पोर?"

"डबा गळत नाय म्हणती."

"मंग तोंड का असं?"

आपानं भिंतीला टेकवलेला ॲक्रिलिकचा ताव खाली घेतला अन् मापाची पट्टी त्याच्या हातात दिली.

"धर सरळ. अजून चार करायचेत. एकट्या डब्याचं कोण ऐकतं?"