झाकलेली बटणं

मी फॅशनच्या धंद्यात अठ्ठावीस वर्षं आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या साडीकडे बघतात. साडी बहुधा पोपटी असते, ब्लाउज तिच्याहून भडक आणि पाठीवरच्या नाडीला गोंडे. मग त्यांना वाटतं, बाईंचं बुटीक असणार. आमच्या थेरगावात हल्ली दर तिसऱ्या जिन्याखाली बुटीक आहे. आत एक आरसा, एक मुंडकं नसलेला पुतळा आणि मोबाइलवरचा फोटो बघून "होऊन जाईल" म्हणणारी एक बाई. मी त्यातली नव्हे. भोसरीच्या एका शेडमध्ये मी कटिंग मास्टर आहे आणि कारखान्यांच्या कामगारांचे गणवेश कापते. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पडू दे. त्याच्या अंगावरचा ब्रँडेड शर्ट वर्षभरात कोपरातून विरतो. मी कापलेला शर्ट कामगार रिटायर झाल्यावरही शेतात घालतो.

जन्मभर राखाडी कापड कापलं, म्हणून घरात राखाडी पायपुसणंसुद्धा मी येऊ दिलेलं नाही.

माझं कटिंगचं टेबल अठरा फूट लांब आहे. त्याच्यामागे भिंतीवर खुंट्या, आणि खुंट्यांवर ब्राऊन पेपरचे पॅटर्न. प्रत्येक पॅटर्नवर त्या त्या कारखान्याची खोड मी पेन्सिलीने लिहून ठेवते. फाउंड्रीच्या शर्टावर लिहिलंय, "खिशाला झाकण, ठिणगी आत जाते." बिस्किटवाल्यांच्या शर्टावर, "वर खिसा नको, पेन पिठात पडतं." आणि चाकणच्या एका मोटार कंपनीच्या शर्टावर, "बटण पट्टीखाली झाकून. धातू बाहेर नको." कारण उघड आहे. नव्या रंगाच्या गाडीवर माणूस दिवसभर ओणवा होतो, आणि बटणाची एवढीशी कड लागली तरी ओरखडा उठतो. हे चाकणात कोणालाही विचारा, चहावालासुद्धा सांगेल.

ही कंपनी गणवेश बदलणार असल्याची बातमी आली आणि आमचे शेठ पुण्यातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून एक डिझायनर घेऊन आले. भाजी आणायला पाठवलेला माणूस मोर घेऊन यावा, तसे. दुसऱ्या दिवशी शेठ माझ्या टेबलापाशी आले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, सँपल पास झालं ना, की पुढचे सगळे पॅटर्न ह्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर निघणार. हे टेबल काढू आपण. तुम्ही पॅकिंगला बसा, धागे तपासायला. उभं राहून तुमचे पाय दुखत असतील ना?"

अठ्ठावीस वर्षांत माझ्या पायांची चौकशी पहिल्यांदाच झाली.

डिझायनरसाहेबांचं वर्णन मी चवीने करते, कारण अशी संधी पुन्हा येत नाही. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट आणि भर मे महिन्यात गळ्यात काळा स्कार्फ. बोटांत पाच अंगठ्या, मनगटांत कडी, कमरेला ताटलीएवढं बक्कल. चालले की भंगाराचा टेम्पो खड्ड्यातून गेल्यासारखा आवाज व्हायचा. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी मोटार कंपनीचा पॅटर्न दोन बोटांत धरला.

"काकू, ह्यात स्टोरी कुठाय?"

"शर्टात माणूस असतो साहेब. स्टोरी त्याची असते."

"नाही नाही. वर्करलाही एक्सप्रेशन पाहिजे ना. इथे पितळी टिचबटणं देऊ. उघडी, मोठी. इंडस्ट्रियल लुक!"

"टिचबटणं चालायची नाहीत तिथे. गाडीला ओरखडे पडतील."

"डोन्ट वरी, काकू. मशीनला मशीनची भाषा कळते."

हे वाक्य मी रचलेलं नाही. माझ्यात एवढी प्रतिभा नाही. नंतर त्यांनी लाल पेन काढलं, माझ्या "धातू बाहेर नको"वर काट मारली, बाजूला इंग्रजीत "बोअरिंग" असं लिहिलं आणि कागद शेठना दिला. शेठनी खाली सही केली. कागदावर मोकळी जागा दिसली की शेठ सही करतात, पत्रिकेवरही करतील.

मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दुसऱ्यांदा सांगायला माणसाबद्दल कळकळ लागते, आणि माझी सगळी कळकळ त्या वेळी अठरा फुटांच्या टेबलात गुंतली होती. सँपल मात्र मी इतकं सुबक कापलं की कोणी नाव ठेवू नये. बारा टिचबटणं स्वतःच्या हाताने ठोकली, फडक्याने चमकवली. आणि सँपल दाखवायला चाकणला जाण्याच्या दिवशी तो ब्राऊन पेपरही घडी घालून पिशवीत ठेवला. का ठेवला ते विचारू नका. तुम्हाला कळलेलं आहे.

शेठच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उभे होतो, आणि तो सगळा वेळ डिझायनरसाहेब मला सिल्हूट, म्हणजे कपड्याची बाहेरून दिसणारी आकृती, समजावून सांगत होते. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने ट्रे पुढे केला. "घड्याळ, अंगठ्या, कडी, बेल्ट, सगळं काढा." साहेबांनी एकेक ऐवज उतरवला, ट्रे भरला. एक अंगठी निघेना, तर त्याने बोटाला चिकटपट्टी गुंडाळली.

साहेबांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "इथे चोऱ्या होतात का हो?"

मी म्हटलं, "फार."

आत खरेदी विभागाच्या मॅडम भेटल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शर्ट उलटसुलट पाहिला, बटणांवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाल्या, "चला, लाइनवरच घालून बघू." लाइनवर त्यांनी एका जुन्या कामगाराला बोलावलं. चाकणजवळच्याच गावचा माणूस, मिशा पांढऱ्या, निम्मं गाव तिथेच कामाला. त्याने शर्ट हातात घेतला आणि विंचू झटकावा तसा परत दिला.

"न्हाई वो मॅडम. ह्यो घालून मी गाडीजवळ जायचो न्हाई."

"का पण?" डिझायनर म्हणाले. "घालून तर बघा, काका."

"का म्हंजी? गेटवरच्यानं तुमचं बोट कशापायी बांधलंय, साहेब? त्येच्याचपायी."

आता तरी गप्प बसावं की नाही? पण माणसाला प्रेक्षक मिळाले होते. "ओके, मी दाखवतो," असं म्हणून साहेबांनी शर्ट स्वतःच्या अंगात घातला, "बघा, मूव्हमेंट बघा" असं म्हणत हात पसरले, आणि मॅडम "अहो, थांबा" म्हणेपर्यंत शेजारच्या लालभडक गाडीच्या बॉनेटवर ओणवे झाले. आवाज अगदी बारीक झाला. पाटीवर नख ओढल्यासारखा. साहेब उठले तेव्हा बॉनेटवर वीतभर पांढरी रेघ होती, आणि तिच्या टोकाशी आणखी एक, छोटी. दोन बटणांच्या दोन.

एका कामगाराने काचेवर लाल चिठ्ठी चिकटवली. पांढऱ्या मिशांचा माणूस शांतपणे म्हणाला, "मूव्हमेंट झ्याक हाय."

"हा कटिंगचा प्रॉब्लेम आहे," डिझायनर म्हणाले. ताबडतोब म्हणाले. तेवढी चपळाई त्यांच्यात होती. "बटणांची लेव्हल चुकलीय."

शेठनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, क्षणभर माझ्याकडे, आणि कोण स्वस्त आहे याचा अंदाज घेतला. "मॅडम, इतकी वर्षं ह्यांचे शर्ट तुम्ही कापताय. तुम्हाला माहीत असायला हवं होतं. असं कसं चालेल?"

म्हणजे माझं टेबल तिथेच, त्या रेघेपाशी निघालं होतं. मी पिशवी उघडली, ब्राऊन पेपर काढला आणि शेजारच्या ट्रॉलीवर नीट पसरला. पदर खोचला. घड्या हाताने सपाट केल्या. घाई कशाला करायची? मॅडम वाकून वाचू लागल्या. माझी पेन्सिल, वरची लाल काट, "बोअरिंग", आणि खाली सही.

"ही सही कोणाची?"

मी वर छताकडे पाहिलं. फार उंच छत होतं.

परतीच्या वाटेवर सिल्हूटचा विषय निघाला नाही. डिझायनरसाहेबांना भोसरीपर्यंतही आणावं लागलं नाही. वाटेतल्या एका चौकात फोन आला म्हणून ते उतरले. फोन वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं. हल्ली ते झाकलेल्या बटणांचे शर्ट काढतात आणि त्याला मिनिमल म्हणतात, असं कानावर आलंय. पंचतारांकित हॉटेलात ते शर्ट हँगरला लटकतात आणि लोक मान तिरकी करून बघतात. आमच्या चाकणच्या माणसाने घातला की गणवेश, ह्यांनी लटकवला की कलेक्शन.

टेबल जागेवर राहिलं. शेठ आठवडाभर माझ्याशी बोलताना पंख्याकडेही बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. पायांची चौकशी पुन्हा झाली नाही. कंपनीने जुनाच पॅटर्न ठेवला, राखाडी तेवढा एका छटेने गडद केला. ऑर्डर पक्की करायला खरेदीच्या मॅडम शेडमध्ये आल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, "बटणांवरच्या पट्टीच्या आतलं कापड कोणत्या रंगाचं असावं, ह्याबद्दल तुमच्या कागदात काही आहे का?"

त्यांनी कागद चाळला. "नाही. बाहेरून दिसतं का?"

"बटण उघडल्याशिवाय नाही."

त्या माझ्या साडीकडे बघत राहिल्या. "मग मला विचारलंच नाहीत असं समजा."

मागच्या आठवड्यात चाकण चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते. पहिली शिफ्ट सुटली होती. तोच पांढऱ्या मिशांचा माणूस उकाड्याने गळ्याशी दोन बटणं उघडून समोर आला, आणि त्या मरतुकड्या राखाडीतून बोटभर पोपटी झळकलं.

"बाई," तो कॉलर पुढे ओढून म्हणाला, "आतून ह्ये असलं कुणासाठी लावलंय? आमी तर वाकून बघत न्हाई."

"तुमच्यासाठी नाहीच लावलं," मी म्हटलं. "बटण लावा. ड्युटीवर असताना उघडं टाकू नका."

"सुटली की ड्युटी," तो म्हणाला, आणि तिसरं बटण उघडलं.