सटवाईचं पेन चाललं नाही

आमच्या नातीच्या नशिबाचा घोटाळा झाला तो ह्यांच्या रिटायरमेंटच्या पेनामुळे, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. ह्यांच्या तोंडावर तर रोजच सांगते.

हे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. बदल्यांमागे धावत धावत शेवटी कोलकात्याला आलो आणि रिटायर झाल्यावर इथेच राहिलो, कारण ह्यांना इथली मासळी सोडवेना आणि मला सामान बांधायचा वीट आला होता. लेकीचं सासर पुण्याला. पण पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात आली ती ऐन दुर्गापूजेत. डिसेंबरात तिला मुलगी झाली. घरी सोडायच्या आधी हॉस्पिटलात बाळाच्या कानात एक इवलंसं यंत्र घालून ऐकू येतं का ते बघतात. आमच्या बाईसाहेबांच्या दोन्ही कानांनी यंत्राला दाद दिली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, कधी कधी कानात पाणी असतं. थोडी मोठी होऊ दे, मग नीट तपासणी करू."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतो. लेक घाबरली नाही, ती गप्प झाली, आणि ते जास्त वाईट. अष्टमीच्या दिवशी ती पोट सांभाळत मांडवात गेली होती. ढाक, म्हणजे इथले कानठळ्या बसवणारे ढोल, वाजवणाऱ्यांच्या अगदी पुढ्यात उभी राहून तिनं मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. आता तिच्या डोक्यात एकच बसलं. "आई, मीच तिचे कान घालवले. मला कुणी ढकललं नव्हतं, माझी मीच गेले." बाळाला ती दूध पाजायची आणि लगेच माझ्या हातात द्यायची, शेजारणीचं उसनं भांडं परत करावं तशी. नात ऐकेल न ऐकेल, पण लेक अशी राहिली तर काय करायचं, हीच धास्ती मला लागून राहिली होती.

तशात पुण्याहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल. "सटवाईला कागद-पेन ठेवायला विसरू नका हं!"

सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. मी काही देवभोळी नाही. पण असल्या वेळी शहाणपणा दाखवायला कोण जातंय? पाटा-वरवंटा आमच्याकडे नव्हता, मिक्सर आल्यापासून कुणाकडे असतो? तो मी खालच्या मजल्यावरच्या बौदींकडून, म्हणजे बंगाली वहिनींकडून, आणला. त्या मोहरी वाटतात त्यावर. पेन मात्र हे म्हणाले मी देतो. कपाटातून मखमली डबी काढली, त्यात रिटायरमेंटला ऑफिसनं दिलेलं सोनेरी टोपणाचं पेन. "देवीला काय ते पाच रुपयाचं बॉलपेन ठेवतेस!" म्हणाले. वर अक्कल पाजळलीच, "पण सटवाईचं कार्यक्षेत्र महाराष्ट्रापुरतं असणार. इथे विधातापुरुष येतो. बंगाली लोक त्यालाच दौत-लेखणी ठेवतात. नातीची फाइल कुणाच्या टेबलावर जाणार ते आधी ठरवायला हवं."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलातून तपासणीची तारीख सांगायला फोन आला. लिहून घ्यायला ह्यांनी हाताशी होतं ते देवीपुढचं पेन उचललं आणि कागदावर टेकवलं. ओढलं, झटकलं, जिभेला लावलं. एक रेघ उमटेल तर शपथ. ते पेन जन्मात कधी चाललंच नव्हतं! डबीतून कुणी काढलंच नव्हतं तर कळणार कसं?

आम्ही तिघंही त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिलो. मग लेक हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "म्हणजे हिच्या कपाळावर काहीच नाही. ती बिचारी आली, पेन घासलं, निघून गेली."

"दुसरं पेन ठेवू आज," हे म्हणाले.

"सटवाई काय कुरियरवाला आहे, दुसऱ्या दिवशी परत यायला?" मी ओरडले.

पाटा-वरवंटा परत करायला खाली गेले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून हळदकुंकू पुसायचं राहिलं. दार दादांनी उघडलं. दादा म्हणजे बौदींचे यजमान, शाळेत इंग्रजी आणि बायबल शिकवून रिटायर झालेले. दोघंही ख्रिश्चन, पण दादांचं घराणं प्रेस्बिटेरियन पंथाचं आणि बौदींचं माहेर मेथडिस्ट. दर रविवारी दोघं एकाच टॅक्सीतून निघतात, आधी बौदी त्यांच्या चर्चला उतरतात आणि मग दादा आपल्या. येताना दादा बौदींना उचलतात, आणि कुणाच्या पाद्र्याचं चुकलं यावर घरापर्यंत वाद. आमचं बोलणं हिंदी, बंगाली आणि इंग्रजीची भेळ असतं. इथे मी मराठीतच सांगते.

"ह्या दगडाची तुम्ही पूजा केलीत?" दादांनी चष्मा वर केला. "आमच्या घरातल्या दगडाची?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सटवाई, कपाळ, पेन, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं म्हातारा चिडणार. कसलं काय! त्याचा चेहरा असा उजळला की ज्याचं नाव ते. इतक्या वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याशी या विषयावर बोलायला कुणी आलंच नव्हतं.

"बसा, बसा! म्हणजे माणसाचं आधीच ठरलेलं असतं हे तुम्हीही मानता. फक्त तुमची देवी फार उशिरा येते. सहाव्या दिवशी? आमच्याकडे जग निर्माण व्हायच्या आधीच सगळं ठरलेलं असतं. कुणाला तारायचं तेसुद्धा. पेनाचा प्रश्नच येत नाही."

"सगळं ठरलेलं आहे, तर रोज मासळीवाल्याशी अर्धा तास घासाघीस कशाला करता?" स्वयंपाकघरातून बौदी.

"घासाघीससुद्धा ठरलेली आहे," दादा म्हणाले.

"ऐका ह्यांचं! देव हात पुढे करतो, धरायचा की नाही ते आपण ठरवतो. नाहीतर आपण काय कळसूत्री बाहुल्या?"

"मेलेला माणूस हात धरतो का? आदमनं आज्ञा मोडली तेव्हापासून माणूस पापातच जन्मतो. तुमची नातसुद्धा."

इथे माझं टाळकं सटकलं. "काय म्हणालात? सात दिवसांच्या पोरीनं काय पाप केलं हो? दूध पिते आणि दुपटी भिजवते!"

"तिनं केलेलं नाही. वारशानं आलेलं."

"वा! आमच्याकडे निदान ज्याचं त्यानं मागच्या जन्मीचं निस्तरायचं असतं. कुणा परक्याच्या खापरपणजोबानं फळ खाल्लं, त्याचं माझ्या नातीच्या माथी का?"

"बरोबर विचारलंत," बौदी म्हणाल्या. मग जरा ओशाळून, "तसं ते आम्हीही मानतो म्हणा. पण देव त्यातून सावरायला आधीच मदत करून ठेवतो."

भांडता भांडता माझ्या तोंडून लेकीचं निघालं. ढाकाचं, बाळाला जवळ न घेण्याचं. वाद तिथेच थांबला. संध्याकाळी दोघं वर आले. बौदींच्या हातात घरी केलेला केक होता आणि दादांच्या हातात नवं बॉलपेन.

बौदींनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. फार मायाळू बाई. "कपाळ कोरं राहिलं ना? चांगलंच झालं की गं! देव असं आधी लिहून ठेवतच नाही. त्यानं आपल्याला मोकळं ठेवलंय, आपलं आपण निवडायला."

लेक म्हणाली, "म्हणजे ढाकासमोर उभं राहायचं मीच निवडलं. बरोबरच आहे तुमचं."

बौदींचा चेहरा पडला. त्या बिचाऱ्या समजूत घालायला आल्या होत्या आणि पोरीच्या जखमेवर नेमकं मीठ पडलं. केक तसाच राहिला. मला तर त्या मोकळीकीचाच राग आला. आग लागो त्या स्वातंत्र्याला, जे बाळंतिणीच्या मानगुटीवर बसतं!

मग दादा खाकरले. "मुली, तू स्वतःला फार मोठी समजतेस. तू एक व्हिडिओ काढलास आणि देवाची योजना बिघडली? ढाकानं देवाची योजना मोडत असती, तर या कोलकात्यात आजवर एक तरी माणूस धड जन्मला असता का?"

लेकीला हसू फुटलं. खरंखुरं हसू, दवाखान्यातून आल्यापासूनचं पहिलं. तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं आणि कितीतरी वेळ छातीशी धरून बसली. मी मनात म्हटलं, आजपासून मी प्रेस्बिटेरियन! आदमचं पाप परवडलं, पण पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

बारशाचा मात्र ती विषयही काढू देईना. आपल्याकडे आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते. "ऐकू येत नसेल, तर कानात नाव सांगून उपयोग काय?" म्हणाली. तपासणी झाल्यावर बघू. विहीणबाई फुरंगटल्या, पण मी खिंड लढवली.

तपासणीच्या दिवशी जावई पुण्याहून आले आणि दादा-बौदीही निघाले. जाताना पहिल्यांदाच दोघं टॅक्सीतून एकाच ठिकाणी उतरले. या तपासणीला बाळ गाढ झोपावं लागतं, डोक्याला वायरी लावतात. बाळ झोपेल तर ना! मी अंगाई म्हटली, बौदींनी त्यांचं भजन सुरू केलं, दादांनी दुसऱ्याच चालीत त्यांचं. ऐकू येतं की नाही ते बघायला आणलेल्या पोरीला आम्ही गाऊन झोपवत होतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी नर्सनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, आणि बाळ ताबडतोब झोपलं.

बाहेर बाकावर दादा डोळे मिटून पुटपुटत होते. मी विचारलं, "सगळं आधीच ठरलंय ना? मग प्रार्थना कशाला?"

"मी आत्ता प्रार्थना करणार, हेही ठरलेलं आहे," डोळे न उघडता ते म्हणाले. पुटपुटणं मात्र वाढलं.

निकाल आला. उजवा कान छान, डावा जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ढाकाचा काही संबंध नाही, कारण नेहमी सापडतंच असं नाही. एका कानावर मुलं व्यवस्थित बोलतात, शिकतात, फक्त लक्ष ठेवायचं. मला पेढे वाटावेसे वाटले. अर्धे तरी.

परतताना टॅक्सीत लेक दादांच्या शेजारी होती. पुढच्या सीटवर बौदी, मांडीवर माझी पिशवी घेऊन. हे आणि जावई मागच्या टॅक्सीत. मी कोपऱ्यात बाळाला घेऊन.

"दादा, माझं काही चुकलं नाही, ते पटलं मला," लेक म्हणाली. "पण मग देवानं जगाच्या आधी बसून हिला एकच कान द्यायचं ठरवलं? मुद्दाम?"

दादांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मला वाटलं आता आदम येणार, त्याचं फळ येणार.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

पुढच्या सीटवर बौदींनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. उभ्या संसारात हे वाक्य त्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं नसावं. त्यांनी काही टोमणा मारला नाही. सीटवरून हात मागे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, तेवढंच.

पुढच्या रविवारी बारसं केलं. दादा-बौदी दोन चर्च आटोपून आले. आत्याला ऐन वेळी ताप आला, म्हणून तिनं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कुर्र करायचं ठरलं. ह्यांनी मोठ्या उत्साहानं मोबाइल बाळाच्या कानाला लावला. डाव्या!

"अहो, तो नव्हे!" मी, बौदी, जावई, सगळे एकदम ओरडलो. हे गोंधळले, मोबाइल पाळण्यात पडला. पांघरुणाखालून आत्या कुर्रर्र, कुर्रर्र करतेय, विहीणबाई विचारताहेत, "झालं का? झालं का?"

लेकीनं सगळ्यांना बाजूला सारलं. बाळाला उचललं, उजवा कान तोंडाशी आणला आणि हळूच नाव सांगितलं. बाळ पाय झाडायचं थांबलं. डोळे मोठे करून आईचा आवाज कुठून येतोय ते शोधायला लागलं. दादांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बौदी म्हणाल्या, "आज ठरलेलं-बिरलेलं काही काढायचं नाही." त्यांनी मिटलं.

मग लेकीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, डाव्या कानाशी तोंड नेलं आणि तेच नाव पुन्हा सांगितलं. तितक्याच हळू.

"अगं, त्या कानाला ऐकू येत नाही," हे म्हणाले.

"माहितीय मला," लेक म्हणाली. "म्हणून काय त्याला नाव सांगायचंच नाही?"